त्रैराशिकांत न बसणारें काम

दहा मजुरांना एक विहीर खणावयास वीस दिवस लागतात, तर पन्नास मजुरांना किती दिवस लागतील, हें उदाहरण ज्यानें लहानपणीं पाटीवर सोडविलें नाहीं असा श्रोता विरळाच असेल. उत्तर येतें चार दिवस. गुरुजी त्यापुढें बरोबरची खूण करितात आणि वर्ग पुढच्या उदाहरणाकडे वळतो. पण प्रत्येक वर्गांत एखादा तरी खट्याळ मुलगा असतो. तो उभा राहून विचारतो कीं, दोन हजार मजूर लावले तर दहा तासांच्या दिवसांतील एका तासांत विहीर पुरी होईल काय? व्यस्त त्रैराशिक म्हणतें, होईल. विहिरीचा घेर म्हणतो, आधीं दोन हजार माणसें आंत उभीं कशीं राहतील तें सांगा. मुलाला बहुधा खालीं बसविण्यांत येतें. परंतु त्याची शंका खोटी नसते.

संगणकांच्या जगांत हीच शंका आज मोठ्या खर्चाची होऊन बसली आहे. सुमारें २००५ सालापर्यंत संगणकाचा वेग दर एकदोन वर्षांनीं आपोआप वाढत असे. ज्याला काम लवकर व्हावयास हवें असेल त्यानें नवें यंत्र घ्यावें, एवढाच उपाय पुरे होता. पुढें एकेका प्रोसेसरचा वेग वाढविणें उष्णतेमुळें कठीण झालें, आणि कारखानदारांनीं एकाच चिपवर दोन, चार, आठ असे गणन करणारे घटक बसविण्यास आरंभ केला. या घटकांना कोअर म्हणतात. म्हणजे पूर्वी एक मजूर दरसाल अधिक चपळ होत होता; आतां मजूर तेवढ्याच चपळाईचा राहून त्यांची संख्या वाढूं लागली. एकच काम अनेक कोअरांनीं एकाच वेळीं करण्याला समांतर गणन असें नांव आहे. हवामानाचा अंदाज, चित्रें रंगविणें अशीं कांहीं कामें त्रैराशिकाला बऱ्याच अंशीं जुमानतात. परंतु एक काम असें आहे कीं, तें त्रैराशिकाला दोन्ही बाजूंनीं फसवितें: कधीं शंभर मजूर लावूनही एकाइतकेंच होतें, आणि कधीं शंभर मजूर शंभरपटींहून अधिक वेगानें तें उरकतात. हें काम म्हणजे अटींच्या पूर्ततेचें कोडें. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यांत 'सॅट' म्हणतात.

या कोड्याचें मूळ जॉर्ज बूल या इंग्रज गृहस्थापर्यंत जातें. हा स्वतःच्या बळावर शिकलेला शाळामास्तर. लिंकन गांवीं त्यानें एकोणिसाव्या वर्षींच स्वतःची शाळा काढली आणि १८४९ सालीं आयर्लंडांतील कॉर्क येथें तो गणिताचा प्राध्यापक झाला. ज्या एव्हरेस्टसाहेबांचें नांव हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास दिलें गेलें त्यांची पुतणी मेरी ही त्याची पत्नी. विचारांच्या नियमांवरील आपला मुख्य ग्रंथ बूलनें १८५४ सालीं प्रसिद्ध केला. 'हो' आणि 'नाहीं' या दोनच किंमती घेणाऱ्या विधानांचें बीजगणित मांडतां येतें, हें त्यानें दाखविलें. बूलच्या काळीं तें निव्वळ तर्कशास्त्र होतें. आज प्रत्येक संगणकाच्या आंतली विद्युत् त्याच बीजगणिताप्रमाणें चालते.

कोड्याचें स्वरूप शाळेच्या वेळापत्रकावरून सहज ध्यानांत येईल. एका लहान शाळेंत गणित, संस्कृत आणि भूगोल हे तीन विषय सकाळीं घ्यावयाचे कीं दुपारीं, एवढेंच ठरवावयाचें आहे. गणित आणि संस्कृत हे दोन्ही डोकें शिणविणारे विषय; दोन्ही सकाळीं नकोत, ही पहिली अट. गणित आणि भूगोल यांपैकीं एक तरी सकाळीं हवा, ही दुसरी. भूगोल सकाळीं असेल तर संस्कृतही सकाळींच हवें, कारण ते दोन मास्तर एकाच गाडीनें येतात, ही तिसरी. चौथी अट अशी कीं, सकाळीं एकच मोठी खोली मोकळी असते, म्हणून संस्कृत आणि भूगोल दोन्ही सकाळीं बसवितां येत नाहींत. प्रत्येक अट 'हें किंवा तें' या रूपांत लिहितां येते, हें पाहण्यासारखें आहे. तिसरी अट म्हणजे 'भूगोल दुपारीं किंवा संस्कृत सकाळीं'. सर्व अटी एकाच वेळीं पुऱ्या होतील अशी वांटणी आहे काय, आणि असल्यास कोणती, हा प्रश्न.

समजा, गणित दुपारीं ठेवून पाहिलें. तर दुसऱ्या अटीमुळें भूगोल सकाळीं येतो. तिसऱ्या अटीमुळें संस्कृत सकाळीं येतें. आणि चौथी अट मोडते. मग हा अंदाज खोडावयाचा. परंतु खोडतांना एक ज्ञान हातीं लागलें कीं, गणित सकाळींच असलें पाहिजे. तें वहींत टिपून ठेवावयाचें. आतां पहिल्या अटीनें संस्कृत दुपारीं जातें, तिसरीनें भूगोलही दुपारीं जातो, आणि चारही अटी पुऱ्या होतात. अंदाज करणें, त्याचे अपरिहार्य परिणाम काढणें, विरोध आला कीं मागें फिरणें आणि त्या विरोधापासून नवी अट शिकणें, ही या कोड्यांच्या यंत्राची सारी रीत आहे. तिचा पहिला भाग डेव्हिस, पुटनम, लॉजमन आणि लव्हलंड या चौघांनीं १९६० ते १९६२ च्या दरम्यान बसविला; चुकीपासून शिकण्याचा भाग मार्केस-सिल्व्हा आणि सकाला यांनीं १९९६ सालीं आपल्या 'ग्रास्प' या कार्यक्रमांत आणला.

तीन विषयांच्या ठिकाणीं तीस लाख प्रश्न आणि चार अटींच्या ठिकाणीं एक कोट अटी घातल्या म्हणजे कारखान्यांतील कोडें तयार होतें. नव्या चिपचा आराखडा कांहीं विशिष्ट परिस्थितींत चुकीचें उत्तर देईल काय, हा प्रश्न अशा कोड्याचें रूप देऊन विचारतां येतो: चूक घडविणारी परिस्थिति सांपडली तर उत्तर 'हो', आणि अशी परिस्थितिच संभवत नसेल तर 'नाहीं'. येथें 'नाहीं' हेंच हवें असलेलें उत्तर असतें, हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे. १९९४ सालीं इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्यें भागाकाराची एक चूक निघाली आणि ती निस्तरण्यास कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलर सोसावे लागले. तेव्हांपासून चिप बनविणाऱ्यांना अशा तपासणीचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

अशा कोड्यावर पुष्कळ संगणक लावले तर काय होईल? सर्व शक्यता एकामागून एक तपासण्याचा बाळबोध मार्ग धरला तर हिशेब असा होतो. प्रश्न साठ असतील तर शक्यता दोनाचा साठावा घात, म्हणजे एकावर अठरा शून्यांहून कांहींशा अधिक. सेकंदाला एक अब्ज शक्यता तपासणाऱ्या यंत्रास त्या संपविण्यास सुमारें साडेछत्तीस वर्षें लागतील. अशीं १०२४ यंत्रें एकाच वेळीं लावलीं तर काम तेरा दिवसांत होईल. येथवर त्रैराशिक ठीक चाललें. परंतु साठाच्या जागीं सत्तर प्रश्न आले कीं त्या १०२४ यंत्रांनाही पुन्हां साडेछत्तीस वर्षेंच लागतात. हजारांवर यंत्रें विकत घेऊन कमाई झाली ती दहा प्रश्नांची! जेथें शक्यता दुपटीनें वाढतात तेथें नुसत्या हातांच्या संख्येनें पाठलाग होत नाहीं. स्टीफन कुक यांनीं १९७१ सालीं आणि लिओनिद लेव्हिन यांनीं १९७३ सालीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं, उत्तर एकदां हातीं आल्यावर पडताळण्यास सोपे असणारे असंख्य प्रश्न या एका कोड्याच्या रूपांत मांडतां येतात. त्यामुळें हें एक कोडें नेहमींच झटपट सुटेल अशी रीत सांपडली तर तीं सारींच सुटतील. अशी रीत कोणाला सांपडलेली नाहीं.

म्हणून हातांची संख्या नव्हे, तर हातांनीं काम कसें वांटून घ्यावें आणि एकमेकांना काय सांगावें, हा खरा प्रश्न ठरतो. त्याला मुख्यतः दोन उत्तरें मिळालीं आहेत.

पहिल्या उत्तराची कल्पना हरवलेल्या गाईवरून येईल. गाय सुटून गेली आहे. घरचीं चार माणसें निघतात. कोणी ओढ्याकडे जातो, कोणी गायरानाकडे, कोणी बाजाराच्या वाटेनें. काम वांटलेलें नसतें. प्रत्येकजण आपापल्या स्वभावानें सारा गांव शोधावयास मोकळा असतो आणि ज्याला गाय प्रथम दिसेल तो हांक मारतो. संगणकांतही तसेंच करतात. तेंच संपूर्ण कोडें प्रत्येक कोअरला द्यावयाचें. मात्र एकानें अंदाज करतांना 'हो' पासून आरंभ करावा, दुसऱ्यानें 'नाहीं' पासून. एकानें वरचेवर पहिल्यापासून सुरुवात करावी, दुसऱ्यानें चिकाटीनें एकाच वाटेस लागावें. ज्याचें आधीं संपेल त्याचें उत्तर सर्वांचें. २००८ सालचा 'मॅनीसॅट' आणि २०१० सालचा 'प्लिंगेलिंग' हे या पंथाचे नामांकित कार्यक्रम. दैव अनुकूल असलें तर चार शोधणाऱ्यांपैकीं एकजण पहिल्याच वळणावर गाईसमोर उभा राहतो, आणि मग वेळ चौथाई न होतां शंभरावा हिस्साही होऊं शकतो. येथें त्रैराशिक शोधणाऱ्याच्या बाजूनें फसतें.

परंतु गाय गांवांत नाहींच असें असेल तर? तर पहिली हांक कोणीच मारणार नाहीं. प्रत्येकाला सारा गांव पालथा घालावा लागेल, आणि चारजण निघाल्याचा लाभ शून्य. या अडचणीवर उपाय म्हणजे एकमेकांना बातमी देणें. ओढ्याकडे गेलेल्यानें 'पलीकडचा बांध शाबूत आहे, तिकडे गाय गेलेली नाहीं' असें ओरडून सांगितलें कीं बाकीच्यांचा तेवढा फेरा वांचतो. यंत्रांच्या बाबतींत ही बातमी म्हणजे विरोधापासून शिकलेली नवी अट. वेळापत्रकाच्या उदाहरणांत 'गणित सकाळींच' हें एकाला कळलें कीं तें सर्वांस कळवावें. मात्र एकेक कोअर सेकंदाला हजारों अटी शिकतो. सगळ्यांनीं सगळें सांगावयाचें ठरविलें तर ऐकण्यांतच दिवस जावयाचा, हें कोणत्याही सभेला जाऊन आलेल्या माणसास वेगळें सांगावयास नको. कोणती बातमी सांगण्याजोगी, हें ओळखण्याची एक चांगली कसोटी ओदमार आणि सिमों या फ्रेंच संशोधकांनीं २००९ सालीं आपल्या 'ग्लुकोज' या कार्यक्रमांत दिली. ढोबळ मानानें तिचा अर्थ असा कीं, जी अट थोड्या अंदाजांवर अवलंबून आहे ती पुष्कळांच्या उपयोगाची. जर्मनीतील कार्ल्सरूह येथें तयार झालेला 'मॅलॉब' हा कार्यक्रम याच मार्गानें शेंकडों कोअरांमध्यें निवडक बातम्या फिरवितो, आणि तीच बातमी दुसऱ्यांदा फिरूं नये याची काळजी घेतो. २०२० सालच्या सॅट स्पर्धेंत अनेक यंत्रांच्या गटांत त्याचा पहिला क्रमांक आला.

दुसरें उत्तर म्हणजे रीतसर वांटणी. गांवाचे चार भाग पाडावे आणि प्रत्येकाला एक भाग द्यावा. कोड्याच्या भाषेंत, एका मजुरानें 'गणित सकाळीं' असें धरून चालावें, दुसऱ्यानें 'गणित दुपारीं' असें. दहा प्रश्नांच्या उत्तरांचे सर्व प्रकार धरले कीं १०२४ तुकडे होतात. हें ऐकावयास गोड आहे. परंतु तुकडे सारखे निघत नाहींत. 'गणित दुपारीं' हा तुकडा तीन पायऱ्यांत संपला, हें वर दिसलेंच. मोठ्या कोड्यांत एक तुकडा क्षणांत संपतो आणि शेजारचा महिनाभर चालतो. मग ९९९ मजूर झाडाखालीं बसतात आणि एकटा खणीत राहतो. १९९६ सालच्या 'पीसॅटो' या कार्यक्रमांत यावर उपाय असा होता कीं, ज्याचें काम संपलें त्याला दुसऱ्याच्या उरलेल्या कामाचा कांहीं भाग तोडून द्यावा. पण असें तोडणें म्हणजे गवंड्याच्या हातांतील अर्धी भिंत मध्येंच दुसऱ्याला देणें. पहिल्यानें शिकलेलें दुसऱ्याला ठाऊक नसतें.

ही कोंडी फोडण्याचें श्रेय मुख्यतः मारिन ह्यूले या डच संशोधकाकडे आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे जातें. २०११ सालीं ह्यूले, कुलमान, वीरिंगा आणि बीरे या चौघांनीं दोन निराळ्या स्वभावांच्या यंत्रांची जोडी जमविली. चुकीपासून शिकणारें यंत्र चपळ खरें; पण त्याची दृष्टि जवळची. मोठ्या अवघड कोड्यांत तें एखाद्या कोपऱ्यांत रमतें आणि तेथेंच शिकत बसतें. याच्या उलट, जुन्या पद्धतीचें एक संथ यंत्र आहे. तें कोणताही अंदाज करण्यापूर्वीं पुढें डोकावून पाहतें: हा प्रश्न 'हो' धरला तर उरलेलें कोडें किती आकुंचन पावतें, 'नाहीं' धरला तर किती, आणि ज्या प्रश्नानें दोन्ही बाजू भरपूर आकुंचित होतील तोच फाट्यासाठीं निवडतें. चौघांनीं ठरविलें कीं, फाटे पाडण्याचें काम या संथ आणि दूरदर्शी यंत्रास द्यावें. धरलेल्या किंमतींची अशी एकेक जुडी तयार झाली कीं ती चपळ यंत्राच्या हवालीं करावी. इंग्रजींत जुडीला क्यूब म्हणतात आणि या रीतीला 'क्यूब अँड काँकर'. तुकड्यांची संख्या यंत्रांच्या संख्येइतकी न ठेवतां हजारोंपट ठेवावयाची. म्हणजे एखादा तुकडा जड निघाला तरी कोणी रिकामें बसत नाहीं.

यांत मौज अशी निघाली कीं, कित्येक अवघड कोड्यांच्या बाबतींत सर्व तुकड्यांना लागणाऱ्या वेळाची बेरीजच अखंड कोड्याच्या वेळेपेक्षां कमी भरली. मजूर एकच असला तरी विहिरीचे भाग पाडून खणल्यानें ती लवकर होते, असें म्हणण्यासारखें हें आहे! म्हणजे समांतर गणनाचा विचार करतां करतां जें सांपडलें तें एकट्याच्याही उपयोगाचें निघालें.

या रीतीची मोठी कसोटी २०१६ सालीं लागली, आणि तिचा विषय भारतीय श्रोत्यांस अपरिचित नाहीं. तीन, चार आणि पांच या लांबीच्या बाजूंनीं काटकोन त्रिकोण होतो, कारण तीन व चार यांच्या वर्गांची बेरीज पांचाच्या वर्गाइतकी असते. जगांत अशा त्रिकांना पायथॅगोरसचें नांव आहे. यज्ञवेदी आंखण्यासाठीं रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रांत ३ व ४, ५ व १२, ८ व १५, ७ व २४ अशा बाजूंचा उल्लेख आहे. प्रश्न असा होता: १, २, ३ अशा ओळीनें येणाऱ्या सर्व पूर्णांकांना तांबडा किंवा निळा रंग अशा रीतीनें देतां येईल काय, कीं एकाही त्रिकांतील तिन्ही संख्या एका रंगाच्या होऊं नयेत? अमेरिकन गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांनीं १९८० च्या दशकांत या प्रश्नाच्या उत्तरास १०० डॉलरचें बक्षीस लावलें होतें. रक्कम लहान; पण प्रश्न तीस वर्षांच्या आसपास कोणाला सुटला नाहीं.

ह्यूले, कुलमान आणि व्हिक्टर मारेक या तिघांनीं तो सॅटच्या रूपांत मांडला. प्रत्येक संख्या म्हणजे एक प्रश्न: तांबडी कीं निळी? प्रत्येक त्रिकाच्या दोन अटी: तिघांपैकीं एक तरी तांबडी असावी, आणि एक तरी निळी असावी. ७८२५ पर्यंत अशीं त्रिकें ९४७२ भरतात, म्हणून अटी १८,९४४. ७८२४ पर्यंत तपासलें तर रंगसंगति सांपडली. ७८२५ ही एक संख्या वाढवितांच अटी चौदाच वाढतात, कारण ती सर्वांत मोठी बाजू असलेलीं त्रिकें अवघीं सात. त्यांतील एक ६२५ आणि ७८०० यांच्याशीं आहे, दुसरें ५१८० आणि ५८६५ यांच्याशीं. पाहिजे त्यानें कागदावर वर्ग करून पडताळावें. सात जोड्यांपैकीं एकादी जोडी पूर्ण तांबडी असेल तर ७८२५ निळी हवी. एकादी पूर्ण निळी असेल तर ती तांबडी हवी. ७८२४ पर्यंतच्या प्रत्येक निर्दोष रंगसंगतींत या दोन्ही आपत्ति एकदम येतात असें दाखवावयाचें होतें. रंगविण्याचे एकूण प्रकार किती, हें सांगणारी संख्या २३५६ आंकडी आहे.

तिघांनीं प्रथम २५२० या संख्येस एक रंग ठरवून टाकला. ती पुष्कळ त्रिकांत येते, आणि तांबडें व निळें यांची अदलाबदल केली तरी कोडें तेंच राहत असल्यामुळें निम्मी मेहनत येथेंच वांचली. मग दूरदर्शी यंत्रानें कोड्याचे सुमारें दहा लाख तुकडे पाडले. टेक्सास विश्वविद्यालयाच्या 'स्टॅम्पीड' या महासंगणकाचे ८०० कोअर त्यांवर जवळजवळ दोन दिवस चालले. एकाही तुकड्यांत निर्दोष रंगसंगति निघाली नाहीं. ७८२५ पर्यंत रंगविणें अशक्य, हें उत्तर ठरलें आणि ग्रॅहम यांनीं आपलें १०० डॉलरचें वचन पाळलें.

आतां 'नाहीं' या उत्तराकडे वळावयाचें. उत्तर 'हो' असतें तर तें पडताळणें सोपें होतें. ७८२४ पर्यंतची रंगसंगति कोणी छापून दिली तर चिकाटीचा विद्यार्थी तीं ९४६५ त्रिकें सुट्टींत बसून तपासूं शकेल. पण 'नाहीं' म्हणणाऱ्यावर विश्वास काय म्हणून ठेवावा? दहा लाख तुकड्यांपैकीं एका तुकड्यांत यंत्र चुकलें, एका तारेंत क्षणभर बिघाड झाला, तुकडे पाडतांना एखादी फट राहिली, तर उरलेल्या नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशें नव्याण्णव तुकड्यांचें काम खरें असूनही निकाल खोटा ठरेल. आणि हात जितके अधिक तितक्या चुकण्याच्या जागा अधिक. चिपच्या तपासणींत 'चूक नाहीं' हें उत्तर खोटें निघालें तर पुढें काय होतें, तें वर आलेंच आहे. कोडीं सोडविणाऱ्या कार्यक्रमांतही चुका निघालेल्या आहेत. म्हणून २०१३ सालापासून सॅटच्या स्पर्धांत नकारास पुरावा मागण्याचा प्रघात सुरू झाला.

तो पुरावा फार साध्या जातीचा असतो. यंत्रानें शिकलेली प्रत्येक अट क्रमानें लिहून ठेवावयाची. तपासनीस म्हणून एक वेगळा लहान कार्यक्रम असतो. तो कोणतेही चातुर्य करीत नाहीं. प्रत्येक नव्या अटीला तो विचारतो: हिच्या उलट धरलें तर मागच्या अटींचे केवळ अपरिहार्य परिणाम काढून विरोध येतो काय? वेळापत्रकांत 'गणित सकाळीं' ही शिकलेली अट तपासावयाची तर गणित दुपारीं धरावें, तीन पायऱ्यांत चौथी अट मोडते, अट मान्य. असें करीत शेवटीं मुळींच कांहीं न धरतां विरोध आला म्हणजे कोडें असाध्य हें सिद्ध झालें. सोडविणारा कितीही धूर्त असो, हजार हातांचा असो; तपासनिसाला त्याच्या युक्त्यांशीं कर्तव्य नाहीं. या रीतीच्या थोड्याशा विस्तृत स्वरूपांत तिघांनीं पुरावा लिहविला. तो भरला सुमारें २०० टेराबाइट. त्यापूर्वीं एवढी लांब सिद्धता गणितांत झालेली नव्हती. २०१७ सालीं ह्यूले यांनीं याच रीतीनें शुर यांचा पांचवा अंक १६० आहे हें सिद्ध केलें. त्या सिद्धतेचा पसारा दोन पेटाबाइटपर्यंत, म्हणजे याच्या दसपट, गेला.

बातम्या देत गाय शोधणाऱ्या पहिल्या पंथाला मात्र पुराव्याचें काम पुष्कळ दिवस जमलें नाहीं. कारण उघड आहे. एकानें दुसऱ्याकडून ऐकलेली अट वापरली. दुसऱ्यानें ती तिसऱ्याकडून ऐकलेल्या अटीवरून काढली होती. मग कोणाची नोंद आधीं, कोणाची नंतर? जमाखर्चाच्या शेंकडों वह्या स्वतंत्र लिहिल्या आणि देवघेव मात्र परस्परांत झाली, तर ताळेबंद जुळविणाऱ्याचे जे हाल होतील तेच येथें होत. २०२३ सालीं मॅलॉबच्या कर्त्यांनीं इतरांच्या मदतीनें प्रत्येक अटीस एकमेव अनुक्रमांक देऊन आणि ती कोणत्या अटींवरून निघाली हें टिपून साऱ्या वह्या एका वहींत ओवण्याची पद्धत दाखविली. ज्यांना वेगापेक्षां हिशेब चोख असण्याची पर्वा आहे त्यांच्या दृष्टीनें हें काम कोणत्याही नव्या वेगवान यंत्राहून मोलाचें आहे.

२०० टेराबाइटची सिद्धता वाचणारा मनुष्य जन्मास आलेला नाहीं, आणि म्हणून ती सिद्धताच नव्हे, अशी तक्रार कांहीं गणित्यांनीं केली. तिच्यांत दोन गोष्टींची गल्लत आहे. सिद्धता खरी आहे काय, हा एक प्रश्न. ती कारण सांगते काय, हा दुसरा. ७८२५ च कां, ७८२४ किंवा ९००० कां नाहीं, याचा उलगडा ही सिद्धता करीत नाहीं, आणि त्या अर्थानें तक्रार अगदीं रास्त आहे. इतक्या श्रमांनंतर हातीं आलेली संख्या नुसती उभी आहे. तिच्या मागचें कारण कोणी दाखविलें नाहीं. परंतु खरेपणाविषयीं शंका घेणाऱ्याला जागा फारशी उरलेली नाहीं. २०१७ सालीं क्रूस-फिलिपे, मार्केस-सिल्व्हा आणि श्नायडर-काम्प यांनीं वेगळ्या, तर्कशास्त्राच्या दृष्टीनें पुरता सिद्ध केलेल्या तपासनिसाकडून तें सारें पुन्हां तपासून घेतलें आणि निकाल तोच आला. यांपैकीं मार्केस-सिल्व्हा म्हणजे चुकीपासून शिकण्याची युक्ति ज्यांनीं १९९६ सालीं दिली तेच.

ज्यास स्वतःच खात्री करून घ्यावयाची असेल त्यालाही वाट मोकळी आहे. तिघांनीं मूळ पुरावा आवळून ६८ गिगाबाइटांत बसविला आणि सर्वांस उपलब्ध करून दिला. त्यावरून पूर्ण सिद्धता पुन्हां उभी करून तपासतां येते. त्यास सुमारें ३०,००० तास यंत्र चालवावें लागतें. घरचा एकच कोअर रात्रंदिवस चालविला तर साडेतीन वर्षांच्या आंत काम संपेल. आणि ८०० कोअर मिळाले तर सदतीस-अडतीस तासांत. तुकडे परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळें तपासणीच्या या कामाला मात्र पाटीवरचें त्रैराशिक बरोबर लागू पडतें.